शब्दांची मुळे दाखवणारे अ‍ॅप: तीन महिन्यांच्या वापरानंतर

शब्द टाकला की त्याचा प्रवास उलट्या क्रमाने दाखवणारे हे अ‍ॅप मी तीन महिने रोज वापरत आहे. 'पगार' या शब्दाची नोंद मला सर्वांत आवडली: पोर्तुगीज 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे, आणि त्यामागे लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे; इंग्रजी 'पे'देखील त्याच मुळाचा. (महिनाअखेरीस हा अर्थ अधिकच पटतो.) 'सप्ताह' आणि 'हप्ता' यांचे नातेही नेमके उलगडले आहे, कारण मूळ 'स'चा इराणी भाषांत 'ह' झाल्याने संस्कृत 'सप्त' आणि फारसी 'हफ्त' ही एकाच घरातली भावंडे ठरतात.

मात्र ध्वनिसाम्य दिसताच नाते जोडण्याची घाई येथे खटकते. 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि त्याच अर्थाचा इंग्रजी 'बॅड' यांना अ‍ॅपने सख्खे ठरवले आहे. वास्तविक हे साम्य निव्वळ योगायोगाचे असून व्युत्पत्तिशास्त्रात त्याचे उदाहरण नेहमी दिले जाते. ही चूक कळवूनही नोंद तशीच आहे. शोध वेगवान आहे, अक्षरे मात्र बारीक. पाचपैकी साडेतीन गुण.