टियागो ईव्ही: दहा महिने, १२,६०० किलोमीटर आणि गावचा रस्ता

गेल्या पाडव्याला टियागो ईव्ही, म्हणजे टाटाची इलेक्ट्रिक गाडी घरी आणली, २४ किलोवॉट-अवर बॅटरीची. गाडी घेतोय म्हटल्यावर जो तो एकच विचारायचा, "गावाला जाईल का?" पुण्यात रोज ऑफिसला जाईल का, असं एकानेही विचारलं नाही. गाडी वर्षभर कर्वे रोडच्या सिग्नलला उभी असते, पण आपण ती घेतो गणपतीच्या चार दिवसांसाठी. म्हणून आधी गावचंच सांगते.

आमचं गाव चिपळूणजवळ. उंब्रज, पाटण, कोयनानगरवरून साधारण अडीचशे किलोमीटर. कंपनीने गाडी आणली तेव्हा एका चार्जमधली रेंज सांगितली होती ३१५ किलोमीटर. मला शहरात २००-२१० मिळते. हायवेला चार माणसं, भरलेली डिकी आणि एसी असेल तर मी १७५च धरते. त्यामुळे साताऱ्याजवळ एकदा चार्जिंग करावंच लागतं. एरवी तिथे तासभर जातो, चहा-नाश्त्यात निघूनही जातो. गणपतीत मात्र आमच्यापुढे दोन गाड्या होत्या आणि चार्जरच्या दोनपैकी एक गन (गाडीला लावायची वायर) बंद. अडीच तास गेले. सासूबाई मांडीवर पूजेच्या सामानाची पिशवी घेऊन बसून होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

कुंभार्ली घाटाने मात्र मन जिंकलं. घाटमाथ्यावर बॅटरीत ३४ टक्के होते, खाली पोफळीला उतरलो तेव्हा ३६. रीजन, म्हणजे वेग कमी होताना वीज परत बनवणारी सोय, सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवलं की पाय उचलताच गाडी स्वतःला धरते आणि उताराची वीज बॅटरीत परत जाते. अख्ख्या घाटात ब्रेक मोजून पाच-सहा वेळा लागला असेल. येताना त्याच घाटाने १७ टक्के खाल्ले, तेवढा हिशोब ठेवूनच गाव सोडायचं.

गावी पोचल्यावर गाडी चार्जच होईना. पंधरा अँपियरचा सॉकेट होता, पण चार्जरवर लाल दिवा. वायरमनने टेस्टर लावून बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, अर्थिंगच नाहीये घराला." इतकी वर्षं फ्रिज, पंप, मिक्सर सगळं तसंच चालू होतं! दुसऱ्या दिवशी परसात, माडाच्या बाजूला खड्डा खणला. त्यात पत्रा उभा केला, कोळसा आणि खडेमीठ थरांनी भरलं, वरून पाच-सहा घागरी पाणी ओतलं. चुलतसासरे उकिडवे बसून सगळं बघत होते. संध्याकाळी चार्जरवर हिरवा दिवा लागला तेव्हा सगळ्यात आधी त्यांनीच हाक मारली. गाडीच्या निमित्ताने घराला अर्थिंग मिळालं, हे मला फार मोलाचं वाटतं. जुनं घर असेल तर गाडी बुक करायच्या आधी वायरमनला बोलवा.

आता अप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. त्यांनी बावीस वर्षं मारुती ८०० चालवली. टाकी अर्ध्याच्या खाली त्यांनी कधी जाऊ दिली नाही. रात्रीबेरात्री गावाहून फोन आला तर निघता आलं पाहिजे, हे त्यामागचं कारण. "अगं, तेव्हा काय गाडी प्लगला लावून बसायचं का?" हा त्यांचा प्रश्न मला शोरूममधल्या सगळ्या माहितीपेक्षा खरा वाटला होता.

नोव्हेंबरमध्ये तो फोन आला. रात्री एकला. आत्यांना चिपळूणला दवाखान्यात नेलं होतं. गाडीत ६२ टक्के होते. साताऱ्याजवळ अडीचला पोचलो. ॲप दोनदा अडकलं, तिसऱ्यांदा चार्जिंग सुरू झालं. ५५ मिनिटं थांबलो. अप्पा गाडीतून उतरून चार्जरच्या स्क्रीनसमोर उभे राहिले, आकडा बदलला की मोठ्याने सांगायचे. ७८ झाल्यावर म्हणाले, "चल आता." पहाटे सहाला आत्यांजवळ होतो. पेट्रोलची गाडी असती तर तासभर आधी पोचलो असतो. आत्या सुखरूप घरी आल्या, म्हणून तो तास आज मी शांतपणे मोजू शकते. गावी म्हातारी माणसं असतील आणि घरात ही एकच गाडी असेल, तर हा तास मनात धरूनच ठरवा.

खर्चाचं थोडक्यात. महिन्याला बाराशे-तेराशे किलोमीटर होतात, युनिटमागे सात किलोमीटर पडतात, चार्जिंगसाठी घेतलेल्या वेगळ्या मीटरचं बिल पंधराशेच्या आसपास येतं. आधीच्या गाडीला याच धावेसाठी आठ हजारांचं पेट्रोल लागायचं. ऑगस्ट २०२५पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे. आमच्या वाटेवर खेड-शिवापूर आणि आनेवाडीला मात्र पूर्ण टोल द्यावा लागतो. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर.

सोसायटीत मीटरच्या परवानगीला तीन महिने लागले. आग लागेल ही भीती लोकांच्या मनात खरोखर होती, म्हणून मी भांडले नाही. इलेक्ट्रिशियनला बैठकीत बोलावलं, वेगळी वायर आणि एमसीबी (जास्त भार आला की आपोआप बंद होणारा स्विच) त्याच्याच तोंडून समजावून दिली. आज पार्किंगमध्ये हिरव्या पाटीच्या तीन गाड्या आहेत.

नोव्हेंबरच्या त्या रात्रीपासून गाडी प्लगला लावायचं काम अप्पांनी स्वतःकडे घेतलंय. जेवण झालं की खाली जातात, आकडा बघतात, पन्नासच्या खाली असेल तर गन लावतात आणि वर येऊन मला सांगतात.