अळी शोधणारी सेवा: तपासणी चोख, नोंदवही कच्ची

पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढले की सिस्टर आणि आशाताई घरोघर पाण्याची भांडी तपासायला येतात. सोलापुरात ही मोफत सेवा धूरफवारणीहून कितीतरी मोलाची आहे. नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे पूर्व भागात घरोघरी हौद, पिंप, बॅरल भरून ठेवावेच लागतात, आणि डेंग्यूच्या डासाला तेवढं पुरतं. धुरानं उडता डास मरतो, पाण्यातली अळी तशीच राहते.

तपासणीला पैकीच्या पैकी गुण. फक्त घाई नको. सावली पडली की अळ्या तळाला जातात, म्हणून टॉर्च तिरपा धरून मिनिटभर थांबायचं. बॅरल नुसतं ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. कड काथ्यानं घासायलाच हवी. हौद रिकामा होत नसेल तर अबेट, म्हणजे पाण्यात टाकायचं अळीनाशक. १ टक्का दाणे असतील तर १०० लिटरला १० ग्रॅम. अंदाजानं चिमूट टाकू नये: ३ फूट लांब, २ फूट रुंद हौदात अडीच फूट पाणी म्हणजे १५ घनफूट, गुणिले २८, साधारण ४२० लिटर. दाणे ४२ ग्रॅम.

गुण कापावे लागतात ते नोंदवहीचे. १०० घरांपैकी ३० घरांना कुलूप, उरलेल्या ७० पैकी ७ घरांत अळ्या, तर हाउस इंडेक्स (तपासलेल्या शंभर घरांमागे अळ्या सापडलेली घरं) १० येतो. कुलपाची घरंही ‘तपासली’ म्हणून धरली की तोच ७ दिसतो आणि गल्ली आधी लक्ष द्यायच्या यादीत खाली सरकते. शिवाय कुलपं बहुतेक दिवसपाळीला गेलेल्या कामगारांची असतात, म्हणून संध्याकाळची दुसरी फेरी हवीच. त्याच ७० घरांत अळ्यांची १४ भांडी सापडली तर ब्रेटू इंडेक्स (शंभर घरांमागे अळ्यांची भांडी) २०. अबेट किती लागेल हे ठरवायला हा आकडा जास्त कामाचा.

दुसरी उणीव तारखेची. वहीत रक्त घेतल्याची तारीख असते. हवी असते ताप सुरू झाल्याची. डास चावल्यावर ४ ते १० दिवसांनी ताप येतो. तेवढे दिवस मागे मोजले तरच डास घरातला की कारखान्यातला याचा माग लागतो. डेंग्यूची एनएस१ ही रक्ततपासणीही तापाच्या पहिल्या ५ दिवसांतच भरवशाची. ताप कधी आला हे तेलुगूत विचारणारी आशाताई सोबत असली की पूर्व भागातल्या तेलुगू घरातली आजी नेमका वार सांगते.

सिस्टर दारात आल्या की कूलर आणि फ्रिजमागचा ट्रे आपणहून पुढे करा. ट्रे सहज नजरेतून सुटतो.