कोरोल्योव्ह घ्यायचे तर कुठले? पदक, रुबल की रिव्निया

सोव्हिएत रॉकेट-रचनाकार सेर्गेई कोरोल्योव्ह यांची आठवण म्हणून काहीतरी घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा पहिले अंतराळवीर युरी गागारिन यांचा रुबल घेऊन परत येतो. १९८१ चा हा तांबे-निकेलचा एक रुबल सहज मिळतो आणि खिशालाही परवडतो. पण त्यावर चेहरा गागारिन यांचा. १२ एप्रिल १९६१ ला १०८ मिनिटांचं उड्डाण करून गागारिन जगभर फिरले, त्याच वर्षी मुंबईलाही येऊन गेले. ज्यांनी ते रॉकेट आणि यान उभं केलं त्यांचा उल्लेख मात्र नुसता 'मुख्य रचनाकार' एवढाच. जानेवारी १९६६ मध्ये कोरोल्योव्ह वारले, तेव्हा कुठे मृत्युलेखातून लोकांना नाव आणि चेहरा कळला.

खुद्द त्यांच्या चेहऱ्याचं हवं असेल, तर माझ्या मते तीनच वस्तू पाहण्याजोग्या आहेत.

पहिली, सोव्हिएत काळातलं टेबलावर ठेवायचं पदक. हे छातीवर लावायचं नसतं, त्याला ना कडी ना फीत. साधारण ६० मिमी व्यासाचं, म्हणजे तळहात भरतो. धातू टोम्बाक, अर्थात भरपूर तांबं आणि थोडं जस्त. याची खरी मजा उठावात आहे. नाण्याला गल्ल्यात एकावर एक बसावं लागतं, त्यामुळे त्याचा उठाव बेताचाच. पदकाला ती अट नाही. खिडकीतला उजेड तिरका पडला की जाड मान, रुंद कपाळ, हनुवटीखालची सावली, सगळं दिसतं. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत यातलं काहीच कळत नाही, म्हणून विक्रेत्याकडे तिरक्या उजेडातला फोटो मागा. आणि वजनही विचारा. अशी पदकं अ‍ॅल्युमिनियमवर तांबूस मुलामा देऊनही निघाली आहेत. त्याच आकाराचं अ‍ॅल्युमिनियमचं पदक टोम्बाकच्या जेमतेम एक तृतीयांश भरतं. एवढं कळलं तरी फसवणूक टळते.

दुसरी आणि तिसरी, दोन्ही २००७ ची, कोरोल्योव्ह यांच्या जन्मशताब्दीची नाणी. जन्म झितोमिरचा, म्हणजे आजच्या युक्रेनमधला, कारकीर्द मॉस्कोजवळची. साहजिकच दोन्ही देशांनी त्यांना आपलं म्हटलं. रशियाचं दोन रुबलचं नाणं चांदीचं आहे, ३३ मिमीचं. युक्रेनचं दोन रिव्नियाचं नाणं निकेल-सिल्व्हरचं, ३१ मिमीचं. या नावात सिल्व्हर असलं तरी धातूत चांदीचा कणही नसतो. चांदीचं नाणं देखणं आहे, पण किमतीचा बराच भाग आपण धातूसाठी मोजतो, आणि ते कॅप्सूलमधून बाहेर काढायची भीती वाटते. रिव्निया नाणं बिनधास्त हाताळता येतं. सुरुवात करणाऱ्याला, किंवा शाळकरी भाचीला द्यायला मी तेच सुचवेन.

स्वतःसाठी एकच घ्यायचं तर मात्र पदक. चांदी काय, कुठलीही घेता येईल. ज्या व्यवस्थेने या माणसाला १९३८ मध्ये अटक करून ईशान्य सायबेरियातल्या कोलिमाच्या खाणींत पाठवलं, नंतर हयातभर नाव दडवलं, तिनेच त्यांच्या पश्चात घडवलेला हा चेहरा आहे. तो विरोधाभास नव्या नाण्यांत नाही.

घरी आल्यावर एक पथ्य. पदकावरचा तपकिरी थर हा मळ नव्हे, टांकसाळीतच मुद्दाम चढवलेला असतो. माझ्या घरी एकदा कौतुकाने चिंच-मीठ लावून असं एक पदक देवघरातल्या ताम्हनासारखं लख्ख करण्यात आलं. डोळ्यांभोवतीची सावली गेली आणि चेहरा सपाट झाला. ते आता मी पेपरवेट म्हणून वापरतो. दुसरं घेतलं, ते कपाटात वरच्या फळीवर आहे.