माउंट लकॉन्ट लॉज: वर रस्ता जात नाही, गरम जेवण मात्र मिळतं

अमेरिकेत टेनेसी-नॉर्थ कॅरोलिना सीमेवरच्या स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कला गेलं की आपल्यापैकी बरेच जण पायथ्याच्या गॅटलिनबर्ग गावात हॉटेल घेतात, गाडीने न्यूफाउंड गॅप या खिंडीपर्यंत जाऊन येतात आणि झाली ट्रिप. अटलांटा, शार्लट बाजूला राहणाऱ्या मराठी मंडळींना माझं मनापासून सांगणं आहे की एकदा तरी याच पार्कातल्या माउंट लकॉन्टवरच्या लॉजमध्ये रात्र काढा. डोंगर ६५९३ फूट, लॉज शिखराच्या थोडं खाली, आणि तिथे गाडी जातच नाही, चालतच जावं लागतं. पण तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह काहीही पाठीवर न्यायचं नाही! वर लाकडी केबिन, गादी, जाड उबदार ब्लँकेट आणि गरम जेवण तयार असतं.

आम्ही अ‍ॅलम केव्ह ट्रेलने गेलो, एका बाजूने ५ मैल, चढ साधारण २७०० फूट. सुरुवात एकदम सोपी, ओढ्याकाठून सावलीतून, मग आर्च रॉक येतो, तिथे खडकाच्या पोटातून दगडी पायऱ्यांनी वर निघायचं. पुढे अ‍ॅलम केव्ह ब्लफ्स, नाव केव्ह असलं तरी गुहा नाहीये, पुढे झुकलेला प्रचंड कडा आहे, पूर्वी इथून एप्सम सॉल्ट काढायचे. बहुतेक लोक इथूनच मागे फिरतात. त्यानंतर वाट अरुंद होते, काही ठिकाणी कड्याला स्टीलची केबल बांधलीये, ती धरून चालायचं. सासरे बरोबर होते, पासष्टी ओलांडलेले, पण रोज चालायची सवय, ते आरामात आले. पाठीवर पाणी, जॅकेट आणि कपड्यांचा एक जोड एवढंच असेल तर हा ट्रेल जमतो, हेच पूर्ण कॅम्पिंगचं सामान घेऊन आम्ही कोणीच चढलो नसतो.

आता सोयींबद्दल नीट समजून घ्या, कारण हॉटेल डोक्यात ठेवून गेलात तर मजा येणार नाही. लाइट नाही, शॉवर नाही. केबिनमध्ये केरोसीनचा कंदील, प्रोपेनचा हीटर, वर-खाली डबल बेड आणि हातपाय धुवायला एक पातेलं. बादली घेऊन किचनकडे जायचं, गरम पाणी आणायचं, तोंड-हातपाय धुवायचे, बास. टॉयलेट फ्लशवाले आहेत पण केबिनपासून वेगळे, त्यामुळे हेडलॅम्प हवाच. फोन घरूनच फुल चार्ज करून न्या. आणि उन्हाळा आहे म्हणून स्वेटर गाडीत ठेवू नका, खाली घाम येत असला तरी वर रात्री जुलैतही गारठा असतो.

जेवण संध्याकाळी ६ वाजता, सगळे एकत्र लांब टेबलांवर, भांडी मधे ठेवलेली, वाढून घ्यायचं आणि पुढे सरकवायचं. आधी सूप, मग बीफ-ग्रेव्ही, मॅश्ड पोटॅटो, बीन्स, सफरचंद, शेवटी कुकी. व्हेज हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, वर पोचल्यावर सांगून उपयोग नाही, तिथे दुकान नाही की दुसरं हॉटेल नाही. आम्ही लसणाची चटणी नेली होती आणि मॅश्ड पोटॅटोबरोबर ती इतकी भारी लागली की शेजारच्या टेनेसीच्या आजींनीही मागून घेतली. जेवण झालं की क्लिफ टॉप्सवर सूर्यास्त बघायला जायचं, जेमतेम पाव मैल आहे. पहाटे मर्टल पॉइंटला सूर्योदय, तेही मैलभराच्या आतच, आणि नाश्ता ८ वाजता असतो त्यामुळे सूर्योदय बघून परत येऊन गरम पॅनकेक, अंडी, बिस्किट, कॉफी. डे हाइक करणाऱ्यांना या दोन्ही वेळा मिळतच नाहीत, अंधाराच्या आत खाली उतरावं लागतं ना. माझ्या मते इथे राहायचं खरं कारण हेच.

हे सगळं वर येतं कसं? सीझनच्या सुरुवातीला जड सामान हेलिकॉप्टरने, आणि नंतर आठवड्यातून तीनदा लामांच्या पाठीवरून (लामा म्हणजे उंटाच्या जातीचा, ओझं वाहणारा लोकरी प्राणी). धुतलेल्या चादरी, किराणा वर आणतात आणि मळक्या चादरी, कचरा खाली नेतात, ट्रिलियम गॅप ट्रेलने. पोरं बरोबर असतील तर लामांचा दिवस बघूनच जा, आमची पोरं तिथून हलायला तयार नव्हती. लॉज १९२६ पासूनचं आहे, म्हणजे नॅशनल पार्क व्हायच्याही आधीचं. ते सुरू करणाऱ्या जॅक हफचा एक प्रसिद्ध फोटो आहे, पाठीला खुर्ची बांधून त्यात आईला बसवून डोंगर चढतोय. सासरे तो बघून म्हणाले, हा तर इथला श्रावणबाळ!

पैशांचं म्हणाल तर स्वस्त नाही, भाडं रूमचं नसून माणशी असतं, पण त्यात रात्रीचं जेवण आणि नाश्ता आला. आम्हाला पूर्ण वसूल वाटलं. उतरताना दोन गाड्या असतील तर एक आधीच ट्रिलियम गॅपच्या बाजूला लावून ठेवा, वाट लांब आहे, पावणेसात मैल, पण ग्रोटो फॉल्सच्या पाण्यामागून जाते.

खरी अडचण जागा मिळण्याची. लॉज साधारण मार्च ते नोव्हेंबर चालू असतं आणि पुढच्या सीझनच्या रिक्वेस्ट आदल्या ऑक्टोबरातच घेतात, वीकेंड पटापट जातात. मधला वार चालत असेल तर तोच मागा, नाहीतर वेटलिस्टला नाव टाका, कॅन्सलेशन होत असतात. पार्कमध्ये गाडी लावायला पार्किंग टॅग लागतो तो आधीच घ्या, आणि अ‍ॅलम केव्हला सकाळी लवकर पोचा, पार्किंग भरून जातं.