कोणाच्या हिशोबाने गाव? पुण्याजवळच्या दोन जमिनी शेजारीशेजारी ठेवून

गेल्या उन्हाळ्यात माझी मामेबहीण आणि तिचे यजमान जमीन शोधत होते. दोन जागा मनात भरल्या. एक हवेली तालुक्यात, पुणे महापालिकेच्या हद्दीपासून जेमतेम पाच किलोमीटरवर, ११ गुंठे. दुसरी पुरंदरमध्ये, सासवडच्याही पुढे, एक एकर पाच गुंठे. दोन्ही ग्रामपंचायतीच्या हद्दीत, दोन्हींचा सातबारा आणि दोन्हींवर उभं राहिलं की समोर ज्वारीची धाटं. एजंट दोन्हींना "ग्रामीण जमीन" म्हणत होता. तिने मला विचारलं, यातली कुठली घ्यावी? कागद घेऊन बसल्यावर लक्षात आलं की "ग्रामीण" या एका शब्दाच्या निदान पाच व्याख्या या दोन जमिनींना लागू होतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. तुम्हीही अशाच निर्णयाशी उभे असाल, तर आमची ही तुलना उपयोगी पडावी.

आयकराची फूटपट्टी

पैशाच्या दृष्टीने मोठा फरक इथे पडतो, आणि खरेदीच्या वेळी तो कोणी सांगत नाही. ग्रामीण शेतजमीन ही आयकर कायद्याच्या लेखी भांडवली मालमत्ता नाही. उद्या विकली तर नफ्यावर भांडवली लाभ कर नाही. पण ग्रामीण कशाला म्हणायचं हे ग्रामपंचायतीवर ठरत नाही, अंतरावर ठरतं. जवळच्या नगरपालिकेची किंवा कॅन्टोन्मेंटची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर तिच्या हद्दीपासून २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर आणि १० लाखांच्या वर असेल तर ८ किलोमीटरपर्यंतची जमीन शहरी धरली जाते.

हवेलीची जागा पाच किलोमीटरवर. म्हणजे सातबारा, ग्रामपंचायत, ज्वारी सगळं असून करासाठी ती शहरी. पुरंदरची जागा पुण्याच्या ८ किलोमीटरच्या बाहेर आणि सासवड नगरपालिकेच्या २ किलोमीटरच्याही बाहेर. ती ग्रामीण.

हे अंतर सरळ रेषेत, हवाई मोजतात. पूर्वी रस्त्याने मोजायचं की सरळ रेषेत यावरून खटले चालत. २०१३ च्या वित्त कायद्याने तो वाद संपवला. त्यामुळे पुण्याहून सासवडला जाताना लागणाऱ्या दिवे घाटाची वळणं आपल्याला कितीही लांब वाटली तरी आयकराच्या हिशोबात ती नाहीतच. गाडीचा किलोमीटर काटा बघून "आपण लांब आहोत" असं समजू नका. मोबाइलच्या नकाशावर हद्दीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून सरळ रेघ ओढा.

आणि ती हद्द हलते. पुणे महापालिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आली, जून २०२१ मध्ये आणखी २३. हद्द सरकली की तिच्याबरोबर आठ किलोमीटरचा पट्टाही पुढे सरकतो. आज ग्रामीण असलेली जमीन तुमच्या मुलांच्या हाती येईपर्यंत, एकही वीट न रचता, शहरी झालेली असू शकते. शहरी ठरलेली शेतजमीन विकून दुसरी शेतजमीन घेतली तर अटींवर सवलत मिळते, पण त्यासाठी आधीची दोन वर्षं ती कसलेली असावी लागते. नुसती कुंपण घालून ठेवलेली चालत नाही.

भूसंपादनाची फूटपट्टी

याच्या उलट गणित भूसंपादनात आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावाला एका गुणकाने गुणतात. शहरी भागात गुणक १, ग्रामीण भागात १ ते २. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. म्हणजे शहरी जमिनीला साधारण बाजारभावाच्या दुप्पट, तर ग्रामीण जमिनीला चौपटीपर्यंत. नेमका गुणक राज्य सरकार ठरवतं आणि प्रकल्पाप्रमाणे त्यात बदलही होतात.

ज्याला हे कोरडं वाटत असेल त्याने पुरंदरच्या नियोजित विमानतळाचा नकाशा समोर ठेवावा. पारगाव, वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी या सात गावांतल्या शेतकऱ्यांपुढे गेली कित्येक वर्षं हाच प्रश्न आहे. त्यांच्याशी बोलायला बसा. चौपटीचा हिशोब ते तोंडपाठ सांगतात आणि लगेच अंजिराच्या बागेकडे हात करून विचारतात, हिचे किती धरणार? पुरंदरात जमीन घेताना मला सर्वांत जास्त धास्ती याचीच वाटली. म्हणून गट नंबर घेऊन तो कुठल्या प्रकल्पाच्या अधिसूचनेत येतो का, हे आधी बघितलं. येत नव्हता.

जनगणनेची फूटपट्टी, आणि तिच्यातून गळलेल्या बायका

जनगणना तीन अटींवर गावाला नगर म्हणते. लोकसंख्या किमान ५ हजार, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या की ते "जनगणना नगर" होतं, जरी तिथला कारभार ग्रामपंचायतच पाहत असली तरी. २००१ मध्ये देशात अशी सुमारे १,३६० नगरं होती, २०११ मध्ये सुमारे ३,९००.

तिसरी अट पुन्हा वाचा. पुरुषांपैकी. शहराच्या कडेच्या गावात काय होतं ते आपण बघतोच. घरातला पुरुष एमआयडीसीत किंवा कॅबवर जातो, पोरगा डिलिव्हरी करतो आणि मागे जमीन राखते ती घरातली बाई. खुरपणी, वैरण, धारा, भाजी बाजारात नेणं, सगळं तिच्याकडे. गाव अजून शेतीवर उभं आहे ते तिच्यामुळे. पण गाव आहे की नगर हे ठरवताना तिचं काम मोजलंच जात नाही. मला ही व्याख्या साफ चुकीची वाटते. ती सोयीसाठी केली असेल, पण एवढ्या मोठ्या श्रमाला वगळून ठरवलेलं "शहर" हे अर्धवट शहर आहे.

जमीन घेणाऱ्याला याचा थेट तोटा फारसा नाही, पण अंदाज येतो. गाव जनगणना नगर झालेलं असेल तर ते नगर परिषदेच्या किंवा महापालिकेच्या वाटेवर आहे असं समजा. गोव्यात तर २०११ च्या हिशोबाने ६२ टक्के लोकसंख्या शहरी, आणि त्यातले बरेच लोक कारभाराने मात्र पंचायतीतच. तिकडे ही फारकत आणखी ठळक दिसते. म्हणूनच भातशेती वाचवायला गोव्याला २०२३ मध्ये शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे जाऊ नये असा वेगळा कायदा करावा लागला. रिझर्व्ह बँकेची व्याख्या आणखी निराळी, १० हजारांपेक्षा कमी लोकसंख्येचं केंद्र ते ग्रामीण. कर्जाचा प्रश्न आला तरच ती बघा, एरवी सोडून द्या.

महसूल आणि आराखडा: इथे बहुतेकजण अडकतात

आमच्या दोन जागांचा निकाल खरं तर इथेच लागला.

महाराष्ट्रात १९४८ च्या कुळकायद्याने शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते. नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नगरपालिका हद्दीतल्या आणि विकास आराखड्यात रहिवासासाठी वगैरे दाखवलेल्या जमिनींना यातून काही शर्तींवर सूट आहे. बहिणीच्या यजमानांचं नाव साताऱ्याच्या वडिलोपार्जित सातबाऱ्यावर असल्याने शेतकरी असल्याचा पुरावा होता, तो प्रश्न सुटला.

दुसरा कायदा तुकडेबंदीचा, १९४७ चा. २०२३ पासून जिरायतीसाठी किमान २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र आहे, म्हणजे त्याहून लहान तुकडा तोडून विकता येत नाही. हवेलीची ११ गुंठे जमीन मोठ्या गटातून तोडून द्यायची होती आणि सातबाऱ्यावर ती जिरायत. एजंटचं उत्तर तयार होतं, "सामाईकात नाव लावून देतो." याचा अर्थ नीट समजून घ्या. तुमचं नाव पूर्ण गटावर इतर दहाजणांबरोबर लागणार, तुमचे ११ गुंठे नेमके कुठले हे कागदावर कुठेच नसणार आणि उद्या एका सहहिस्सेदाराने वाटपाचा दावा लावला तर तुमचं कुंपण कोर्टात. शहरालगतच्या बिगरशेती झोनसाठी तुकडेबंदी अलीकडे सैल होते आहे, हे खरं. पण ही जमीन आराखड्यात शेती झोनमध्ये होती. तिथे ती सवलत पोचत नाही.

आणि समजा घेतलीच. त्यावर घर? शेती झोनमध्ये शेतघर बांधायचं तर किमान ०.४ हेक्टर, म्हणजे ४० गुंठे लागतात. खरेदीला २० गुंठे पुरतात, घराला ४० लागतात. या दोन आकड्यांमधल्या फटीत पुण्याभोवतीच्या किती कुटुंबांची आयुष्यभराची शिल्लक अडकली आहे, हे कुठल्याही दुय्यम निबंधक कचेरीबाहेर तासभर उभं राहिलं तरी कळतं. पुरंदरची जमीन ४५ गुंठे होती. तिथे खरेदी आणि शेतघर दोन्ही बसतात.

तिसराही पर्याय मी बहिणीसमोर ठेवला होता, गावठाणातलं जुनं घर. फक्त सुट्टीला येऊन राहायचं असेल तर मी आजही तोच सुचवेन. गावठाण ही मुळातच वस्तीची जागा, बिनशेती परवान्याचा प्रश्न नाही, शेतकरी असण्याची अट नाही. अडचण एकच असायची, मालकीचा कागद. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा, त्याने मालकी सिद्ध होत नाही. आता ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळतात. देशभर ही योजना एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व नावाने सुरू झाली, पण तिचा पहिला प्रयोग आपल्या पुरंदरमधल्याच सोनोरीत झाला होता. ज्या गावात पत्रिका वाटून झाल्या आहेत तिथलं गावठाणातलं घर घेणं आज पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन आराखड्यात विकासयोग्य झोनमध्ये असेल, तर रूपांतर कर वगैरे भरून तीही बिनशेती मानली जाते. एजंट मात्र "गावठाणापासून दोनशे मीटर" एवढंच सांगतात आणि झोनची अट गाळतात. झोन दाखला स्वतः काढा.

गावाची स्वतःची व्याख्या

या सगळ्या फूटपट्ट्यांच्या कितीतरी आधीपासून गावाकडे दोन शब्द आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे माणसं राहतात ती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेने, भिंतींच्या मातीने तिचा रंग फिकटतो म्हणून पांढरी. ही व्याख्या लोकसंख्येवर नाही आणि अंतरावरही नाही, जमिनीशी माणसाचं काय नातं आहे त्यावर आहे. मला ती या पाचांत सर्वांत खरी वाटते.

तिला हद्दही आहे. शिव कुठे संपते, पाणंद कोणाच्या बांधावरून जाते, गावदेवाच्या पालखीचा रस्ता कुठून, यात्रेची वर्गणी कोणाकोणाकडून घ्यायची, यातून गाव ठरतं. हिंजवडीत आयटी पार्क उभं राहून काही दशकं झाली, तरी कारभार वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीचाच चालला आणि तिथली यात्रा, बगाड अजून निघतं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये महापालिकेत गेली, वाढलेला कर आणि न पोचलेल्या सोयी यांवरून वर्षानुवर्षे भांडली आणि २०२४ मध्ये बाहेर पडून त्यांची स्वतंत्र नगर परिषद झाली. गाव कशाला म्हणायचं हे वरून ठरतं, पण लोक ते मुकाट्याने मान्य करतातच असं नाही.

जमीन घेणाऱ्याने ही व्याख्या हलकी समजू नये. पाण्याची पाळी, रस्ता, बांध, रात्रीबेरात्रीची मदत, सगळं तिच्यातून येतं. पुरंदरच्या जागेवर आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा शेजारच्या शेतातले एक आजोबा आले. बहिणीला म्हणाले, "ताई, घ्या जमीन, आमचं काय न्हाई. पण पेरणार का नुसतं कंपाउंड घालणार?" त्यांच्या लेखी हाच प्रश्न होता. आधीच्या दोन खरेदीदारांनी कुंपण घालताना वहिवाटीची वाट बंद केली होती आणि पावसाळ्यात त्यांची बैलगाडी लांबून जात होती.

मग काय घ्यावं

बांधकामासाठी जमीन हवी असेल तर शेतजमिनीच्या वाटेला जाऊ नका. रीतसर बिनशेती झालेला, मंजूर रेखांकनातला प्लॉट घ्या किंवा मिळकत पत्रिका असलेलं गावठाणातलं घर. कसायची इच्छा खरी असेल तरच शेतजमीन, आणि तीही ४० गुंठ्यांच्या वरची, स्वतंत्र सातबाऱ्याची, मोजणीचा नकाशा आणि वहिवाटीचा रस्ता असलेली. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर आयकराचं अंतर आधी मोजा, पण ते आजचं आहे हे धरून चाला. हवेलीच्या त्या ११ गुंठ्यांसारखी जागा मी कोणालाच सुचवणार नाही. करासाठी ती शहरी आणि बांधायला गेलं की शेती. दोन्हीकडचे तोटे तिच्यात एकत्र आलेत.

बहिणीने पुरंदरची घेतली. खरेदीखताआधी तिने एक गोष्ट स्वतःहून केली, जी मला सुचली नव्हती. मोजणीच्या दिवशी त्या आजोबांना बोलावून घेतलं आणि त्यांची जुनी वाट कुठून जाते ते विचारून, कुंपणाच्या खुणा आठ फूट आत घेतल्या. यंदा तिथे बाजरी आहे.