चार्टचं सॉफ्टवेअर चांगलंय, पण जिल्ह्यांना निळ्या शेड कशाला? (पावसाळ्यापासूनचा अनुभव)

रिन्युअलचा मेल आलाय म्हणून लिहायलोय. कंपनीचं नाव घेत नाही, उगं वाद नको. बाकी फीचर तुम्हाला माहितीच आहेत, एक्सेल टाकलं की डॅशबोर्ड तयार, स्पीड झकास, मोबाईलवर पण चालतं. माझं भांडण फक्त रंगाचं.

आमच्या शीटमध्ये जिल्ह्याच्या नावाऐवजी २०११ च्या जनगणनेचे कोड आहेत. नांदेड ५११, हिंगोली ५१२, परभणी ५१३, जालना ५१४, संभाजीनगर ५१५, आन मग एकदम बीड ५२३, लातूर ५२४, धाराशिव ५२५. पावसाचा लाइन चार्ट काढला तर या पठ्ठ्यानं कोडलाच माप समजून ५११ ला फिकट आकाशी आणि चढत चढत ५२५ ला गर्द निळा दिला. अरे, कोड म्हणजे हजेरीचा नंबर, त्यात कमी-जास्त काय असतंय? मीटिंगला प्रोजेक्टरवर नांदेडची रेघ भिंतीतच विरघळली, पहिले पाच जिल्हे एकाच रंगाचे, आणि साहेब म्हणाले, "धाराशिवला बराच पाऊस झालेला दिसायलाय." गर्द निळा म्हणजे जास्त पाणी, कुणीही तसंच वाचणार. खरं तर सरासरी पाऊस नांदेड-हिंगोलीकडं जास्त, बीड-धाराशिवकडं कमी. म्हणजे चित्र बरोब्बर उलटं.

कोडचा कॉलम टेक्स्ट केला. शेडमधलं अंतर सारखं झालं, पण रंग निळाच. सपोर्टवाला म्हणतो, "सर ती आपली ब्रँड थीम आहे, वेगळे कलर पाहिजेत तर वरचा प्लॅन घ्या." रंगाचे वेगळे पैसे! अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या सिंथिया ब्रूअर बाईंनी केलेलं कलरब्रूअर, म्हणजे नकाशा-चार्टसाठी तयार रंगसंच, फुकट आहे, त्यातल्या डार्क-टू नावाच्या संचात आठ वेगवेगळे रंग आहेत, आपले जिल्हे पण आठच. आर (R) ही आकडेवारीची प्रोग्रॅमिंग भाषा पण फुकट, तिच्यातल्या चार्ट काढायच्या जीजीप्लॉटला (ggplot2) कोड फॅक्टर करून, म्हणजे आकडा नाही तर नुसतं गटाचं नाव म्हणून, दिला की आपोआप वेगळे रंग देतंय. फक्त ऑर्डर्ड (चढत्या क्रमाचा) फॅक्टर करू नका, नाहीतर परत विरिडिसची, म्हणजे जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंतची, चढती शेड येते.

इथपर्यंत एक स्टार देणार होतो. पण तालुक्याला कागद जातात ते ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्सचे. डार्क-टू वाला चार्ट झेरॉक्स केला तर बरेच रंग एकसारखे करडे, कोणती रेघ कुणाची काही कळंना. आणि याच सॉफ्टवेअरचा तीन पिकांचा निळा बार चार्ट मात्र झेरॉक्समध्ये पण स्वच्छ वाचता आला, फिकट-गडद फरक टिकतोय ना. म्हणून दीड स्टार वाढवला. कमी-मध्यम-तीव्र असं चढतं काही असेल किंवा नकाशात मिलिमीटर दाखवायचे असतील तर ही शेड लई भारी, ती त्याच्यासाठीच आहे. आठ जिल्ह्यांच्या रेघांना मात्र नको. तिथं मी आता रेघेच्या टोकालाच जिल्ह्याचं नाव टाकतो, लेजंड (कोणता रंग कुणाचा ते सांगणारी यादी) काढून टाकलं, झेरॉक्सचा पण प्रश्न मिटला. पण नाव टाकायची सोय एवढी आत लपवलीय की प्रत्येक चार्टला पाच-सहा क्लिक लागतात, आणि चार्टची कॉपी काढली की नावं गायब. टिकिट टाकलंय, उत्तर आलं, "फीडबॅक टीमला कळवलाय."

रिन्युअल करणार नाही, आरवरच भागवतो. तुम्हाला घ्यायचंच असेल तर ट्रायलमध्ये त्यांचा सॅम्पल डेटा बघू नका, स्वतःचा कोडवाला कॉलम टाका, लाइन चार्ट काढा आणि प्रोजेक्टरवर लावून बघा, मग पैसे भरा.