रानबोर: जागेवर डोळा भरायचा की नर्सरीचं कलम लावायचं?

मराठवाड्यातल्या मुरमाड माळाला गावठी बोर कुणी लावावी लागत नाही. तिथं उमराण किंवा कडाका या सुधारित जातींची फळं हवी असतील तर दोन वाटा आहेत: नर्सरीचं तयार कलम आणून लावायचं, किंवा गावठी झाडावरच त्या जातीचा डोळा (काडीवरची कळी) सालीत बसवायचा, म्हणजे डोळा भरायचा.

नर्सरीच्या कलमांनी ६ बाय ६ मीटरच्या ओळी नीट बसतात. बाजारासाठी बाग धरणाऱ्याला ते सोयीचं. अडचण मुळाची आहे. बोरीचं सोटमूळ झपाट्यानं खाली जातं आणि पिशवीच्या तळाला टेकलं की वेटोळं घालतं. लावल्यावरही ते वेटोळं सुटत नाही. पावसाळाभर रोप हिरवंगार दिसतं, मार्चमध्ये वरची ओल सरली की मान टाकतं. मग दोन उन्हाळे घागरीनं पाणी घाला. ज्या गावात टँकर येतो तिथं बोरीला पाणी वाहणं आम्हाला काही पटलं नाही.

गावठी झाडाचं मूळ आधीच खोल असतं. मार्च-एप्रिलमध्ये ते जमिनीपासून दीड फुटावर करवतीनं तिरपं कापा; कुऱ्हाडीनं खुंट चिरतो. फुटव्यांतले दोन-तीन जोमदार ठेवा. जून-जुलैत ते पेन्सिलीएवढे जाड झाले आणि साल सहज सुटू लागली की डोळा भरा. डोळा चालू वर्षाच्या काडीवरचा, फुगलेला पण न फुटलेला घ्या. डोळा बसवला की त्यावर पट्टी खालून वर गुंडाळा, म्हणजे पाणी आत उतरत नाही. झडीत मात्र हे काम नको, डोळा काळा पडतो. तीन-चार आठवड्यांनी पट्टी सोडली नाही तर ती रुतून तिथं खाच पडते.

यातही खोट आहेच. डोळ्याखाली गावठी फुटवे येत राहतात. दोन वर्षं दर पंधरवड्याला ते खुडले नाहीत, तर भरलेला डोळा दबतो आणि झाडाला पुन्हा बारकी आंबट बोरं लागतात. पण खुडायला पाणी लागत नाही, फक्त फेरी लागते.

जळतणाच्या बाबतीतही जागेवरचं झाड आमच्या मते पुढे. पहिल्याच वर्षी जुनं खोड मिळतं, आणि ते लाकूड टणक, जळायला चांगलं. बोर नव्या फुटीवर फळते म्हणून उन्हाळ्यात दरवर्षी छाटणी करावीच लागते. पाला शेळ्यांना, काट्या कुंपणाला, जाड फांद्या चुलीला. भुरी (पांढरी बुरशी) आणि फळमाशी यांचा त्रास दोन्हींकडे सारखाच.

माळावर गावठी बोर नसेलच तर कलम आणायला हरकत नाही. तरी घाई नसेल, तर पावसाच्या तोंडावर खड्ड्यात गावठी आठळ्यांतलं बी दोन-तीन ठिकाणी टोकावं आणि पुढच्या पावसाळ्यात त्या रोपावर डोळा भरावा. आठळी हलक्या हातानं फोडून बी काढलं तर आठवडाभरात उगवतं. अख्खी पेरली तर तीन-चार आठवडे वाट पाहावी लागते.